जहाजातून बुझियोस: आईबरोबरचा एक दिवस

शुक्रवार, सांतोस

साओ पाउलोत राहायला आल्यापासून बघतेय, डिसेंबर आला की ऑफिसात, लिफ्टमध्ये, पार्लरमध्ये सगळीकडे क्रूझचीच चर्चा असते. इथला उन्हाळा म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा क्रूझचा सीझन, युरोपात थंडी पडली की तिकडची मोठी जहाजं इकडे येतात आणि सांतोस, रिओ वगैरे बंदरांतून छोट्या फेऱ्या मारतात. आई जानेवारीत आमच्याकडे आली होती, तिचं अख्खं बालपण अलिबागला समुद्राच्या काठी गेलंय पण मांडव्याच्या लाँचपलीकडे ती कधी समुद्रात गेली नव्हती, म्हणून नवऱ्याने आणि मी ठरवलं की हिला जहाजाने न्यायचं, लेकही बरोबर. रूट होता सांतोस, बुझियोस, इल्याबेला आणि परत सांतोस. लिहायला बसलेय ती मुख्यतः बुझियोससाठी, बाकीचं थोडक्यात.

साओ पाउलो समुद्रसपाटीपासून साधारण ७६० मीटर उंच आहे आणि सांतोस अगदी समुद्राला टेकलेलं, त्यामुळे इमिग्रांतेस हायवेने सेहा दो मारचा डोंगर भराभर उतरावा लागतो, तीन-तीन किलोमीटरचे बोगदे, बोगद्यातून बाहेर आलं की दोन्ही बाजूंना हिरवंगार अटलांटिक जंगल आणि धुकं. सांतोस हे लॅटिन अमेरिकेतलं सगळ्यात मोठं बंदर, ब्राझीलची बरीचशी कॉफी जगभर इथूनच गेली, जुन्या कॉफी एक्स्चेंजच्या इमारतीत आता म्युझियम आहे. आम्हाला तेवढा वेळ नव्हता, पण टॅक्सीवाल्याने मुद्दाम बीचवरून गाडी घेतली आणि तिथल्या तिरक्या झालेल्या उंच इमारती दाखवल्या. खालची माती मऊ चिकणमातीची, त्यावर पुरेसा खोल पाया न घालता इमारती बांधल्या, त्या हळूहळू कलल्या, आणि लोक त्यात आरामात राहतायत!

चेक-इन, बॅगा, सुरक्षेची ड्रिल (ही सगळ्यांना सक्तीची, आजी असो की बाळ) यात दुपार गेली. पाचनंतर जहाज हललं. हे मात्र चुकवू नका, बंदरातून बाहेर पडतानाचा चॅनल एवढा अरुंद आहे की किनाऱ्यावरची माणसं स्पष्ट दिसतात, ती हात हलवतात, डेकवरचे लोक ओरडतात, डाव्या हाताला ग्वारुजाच्या बाजूला सोळाव्या शतकातला पांढरा किल्ला येतो, आणि मग एकदम मोकळा अटलांटिक. आई रेलिंग धरून उभी होती ती अंधार पडेपर्यंत आत यायला तयार नाही.

शनिवार, बुझियोस

सकाळी साडेआठला डेकवर गेलो तर जहाज नांगर टाकून उभं होतं. बुझियोसला मोठी जहाजं लागतील असा धक्काच नाही, त्यामुळे ती लांब पाण्यात उभी राहतात आणि टेंडर, म्हणजे बहुतेक वेळा जहाजाच्याच लाइफबोटी, माणसांची ने-आण करतात. टेंडरसाठी ग्रुपचे नंबर मिळतात, लवकर नंबर घेतला तर साडेनऊपर्यंत किनाऱ्यावर पोचता, उशीर केला तर अकरा वाजतात, आणि जमिनीवरचे ते दीड-दोन तास फार मोलाचे आहेत, म्हणून नाश्ता आधी उरकून टाका.

टेंडरमध्ये उतरताना बोट वरखाली होत होती, आई जरा थबकली, तर तिथे उभा असलेला क्रूचा मुलगा आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "काकी, माझो हात धरा आणि बिनधास्त पाय टाका." वेंगुर्ल्याचा निघाला! गोव्याची, सिंधुदुर्गाची मुलं जगभरच्या जहाजांवर असतात हे माहीत होतं, पण ब्राझीलच्या समुद्रात मालवणी कानावर पडल्यावर आईचा चेहरा असा काही फुलला की बस. त्याने जाता जाता सांगितलं की परतीच्या शेवटच्या टेंडरला खूप गर्दी होते, तासभर आधी या. हा सल्ला आम्ही पाळला आणि तुम्हीही पाळा.

आता हे गाव कुठे आहे ते सांगते. रिओ शहराच्या पूर्वेला साधारण १७० किलोमीटरवर एक वेडंवाकडं द्वीपकल्प समुद्रात घुसलंय, त्याच्या कडेकडेने वीसेक बीच आहेत, काही खाडीच्या कुशीत अगदी शांत, काही थेट महासागराच्या तोंडावर. पूर्ण नाव अर्मासांव दोस बुझियोस. १९६४ पर्यंत हे मासेमारांचं गाव होतं, त्या वर्षी फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो तिच्या ब्राझिलियन मित्राबरोबर, बॉब झागुरीबरोबर, रिओच्या फोटोग्राफर्सना कंटाळून इथे येऊन राहिली, जगभरच्या पेपरात नाव झळकलं आणि मग श्रीमंत लोक, हॉटेलं, अर्जेंटिनाचे टुरिस्ट असं सगळं मागोमाग आलं. १९९५ पर्यंत तर हा काबो फ्रिओ नगरपालिकेचा एक भाग होता, वेगळी नगरपालिका त्या वर्षी झाली.

धक्क्यावर उतरलात की व्हॅनवाले, बोटवाले, बग्गीवाले घेरतात, सगळे बीच दोन तासात दाखवतो म्हणतात. माझं मत अगदी स्पष्ट आहे, एकच दिवस असेल तर गाडीत बसून पंधरा बीच खिडकीतून बघू नका, पायी चाला. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला किनाऱ्याच्या कडेने जो रस्ता जातो तो ओर्ला बार्दो, त्या रस्त्यावर या गावाचं सगळं खरंखुरं एका ओळीत मांडलेलं आहे, आणि सकाळी ऊन तापायच्या आत आरामात चालून होतं. आई सत्तरीची, तिनेही मजेत चाललं.

आधी बार्दोचा ब्राँझचा पुतळा लागतो, बॅगेवर बसून समुद्राकडे बघणारी. तिथे फोटोसाठी रांग, आम्हीही काढला. पण आई तिथून पुढे बघत होती. थोडं पुढे पाण्यातच तीन मासेमार जाळं ओढताना दिसतात, लांबून अगदी खरी माणसं वाटतात, तेही ब्राँझचे, आणि बार्दोचा पुतळा करणाऱ्या क्रिस्तिना मोत्ता यांनीच केलेले. भरतीला पाणी त्यांच्या अंगावर चढतं. आई म्हणाली, "अगं, ही रापण ओढतायत!" आणि खरंच, किनाऱ्यावरून माणसांनी मिळून जाळं ओढायची ही पद्धत आपल्या कोकणातली रापणच. रियोच्या या किनारपट्टीवर, शेजारच्या अरायाल दो काबोला वगैरे, अजूनही अशी मासेमारी चालते. पायाची बोटं वाळूत रुतवून मागे रेललेले ते तिघे, प्रत्येकाच्या पाठीचा बाक वेगळा, आई दहा मिनिटं बघत राहिली, मग मला सांगायला लागली की लहानपणी शेजारच्या कोळणीबरोबर ती किनाऱ्यावर जायची तेव्हा दोर ओढायला कुणीही हात लावला तरी मूठभर मासळी मिळायची. घरी शिजायची नाही म्हणून ती मांजरांना! हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

पुतळ्यांच्या मागेच खऱ्या होड्या नांगरलेल्या असतात, रंगवलेल्या, नावं लिहिलेल्या, त्यातल्या काही टुरिस्टांना फिरवणाऱ्या आणि काही अजून मासेमारीच्या. एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते, माझ्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारलं मासळी मिळते का अजून, तर म्हणाले मिळते, पण लांब जावं लागतं, आणि किनाऱ्यालगतची घरं आता विकली गेली, पोरं हॉटेलात कामाला लागली. मी आईला भाषांतर करून सांगितलं, ती एवढंच म्हणाली, "सगळीकडे तेच गं." मला वाटतं या गावात येणाऱ्या प्रत्येकाने इथे जरा थांबावं, हे लोक आधीपासूनचे आहेत, आपण नंतर आलोय.

पुढे एका टेकाडावर सांत आनाचं छोटं पांढरं चर्च आहे, १७४० सालचं. सांत आना म्हणजे मेरीची आई, येशूची आजी, हे ऐकल्यावर आईला ते फारच आवडलं, आजीचं देऊळ म्हणून तिने हात जोडले. तिथून खाली दोन्ही बाजूंना पाणी दिसतं, एकीकडे आपण चालत आलो तो अर्मासांवचा किनारा, दुसरीकडे ओसोस. अठराव्या शतकात इथे व्हेलची शिकार व्हायची, व्हेल ओढून आणून कापायच्या, चरबी वितळवून तेल काढायचं, ते तेल दिव्यांना आणि चुन्यात मिसळून बांधकामाला जायचं, आणि हाडं ओसोसच्या वाळूत टाकली जायची, त्या हाडांवरूनच या किनाऱ्याला नाव पडलं. हे काम गुलामांकडून करून घेतलं जायचं. १८५० मध्ये गुलामांच्या व्यापारावर कडक बंदी आल्यावरही या भागातल्या आडबाजूच्या किनाऱ्यांवर आफ्रिकेतून माणसं चोरून उतरवली जायची, त्यांचे वंशज आजही जवळच्या हाझा भागात किलोंबो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांमध्ये राहतात. हॉटेलांच्या माहितीपत्रकात यातलं फार काही नसतं, म्हणून इथे लिहितेय.

ओसोसला पोचेपर्यंत अकरा वाजत आले होते आणि माझा खरा प्रश्न होता आईच्या जेवणाचा, कारण त्या दिवशी संकष्टी! बोटीवर फळं होती, पण दिवसभर नुसत्या फळांवर तिला उन्हात फिरवायची माझी तयारी नव्हती. तर एका झाडाखाली एक बाई गाडीवर तापिओका करत होती. मॅनिओकचा, म्हणजे आपण ज्याला टॅपिओकाचा कंद म्हणतो त्याचा, ओलसर स्टार्च चाळणीतून तापलेल्या तव्यावर भुरभुरायचा, ना पाणी ना तेल, उष्णतेने तो आपोआप चिकटून घावनासारखा एकसंध होतो, मग आत ओलं खोबरं नि कंडेन्स्ड मिल्क किंवा चीज घालून दुमडायचा. मी आईला म्हटलं, आई हा साबुदाणाच आहे, फक्त गोळ्या न केलेला. तिचा विश्वास बसेना. तिला सगळं समजावून सांगितलं की हा कंद मूळचा इथलाच, दक्षिण अमेरिकेतला, इथले मूळ रहिवासी हजारो वर्षं तो खातायत, पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे नेला, केरळात रुजला, आणि मग तमिळनाडूत सेलमच्या बाजूला कारखाने निघाले, तिथला साबुदाणा आपल्या खिचडीत येतो. म्हणजे आपला उपवास मुळात या लोकांच्या शेतातला! आईने गाडीवाल्या बाईचा हात हातात घेऊन मराठीतच सांगितलं की तू फार छान केलंयस, आमच्याकडे हे देवाच्या दिवशी खातात. मी भाषांतर केल्यावर त्या बाईने दुसऱ्या तापिओकात खोबरं दुप्पट घातलं, आणि पैसे एकाचेच घ्यायला निघाली, आम्ही बळेच दोन्हींचे दिले. पैसे पिक्सने. पिक्स म्हणजे इथलं यूपीआय, २०२० पासून सुरू झालं आणि आता शहाळंवाल्यापासून कणीसवाल्यापर्यंत सगळ्यांकडे क्यूआर असतो. ज्यांचं ब्राझीलमध्ये बँक खातं नाही त्यांनी काळजी करू नये, बीचवर फिरणाऱ्या विक्रेत्यांकडेही कार्डचं मशीन असतं, तरी थोडे रेआइस, म्हणजे इथले पैसे, खिशात ठेवाच.

ओसोसच्या टोकाकडून एक पायवाट टेकडी चढून अझेडा नावाच्या बीचला उतरते, दहा-एक मिनिटांची, मधे थोडा चढ आहे. गाडी तिथवर जात नाही आणि तो भाग संरक्षित आहे, म्हणून अजून सुंदर राहिलाय. वाटेत दोन्ही बाजूंना निवडुंग! ब्राझील म्हटल्यावर जंगल नि धो धो पाऊस डोळ्यासमोर येतो, पण हा सगळा पट्टा कोरडा आहे आणि त्याचं कारण समुद्रात आहे. ईशान्येचा वारा वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो, त्याची जागा घ्यायला खोल समुद्रातलं थंडगार पाणी वर येतं, थंड पाण्यावर ढग धरत नाहीत म्हणून पाऊस कमी, म्हणून निवडुंग, म्हणूनच काबो फ्रिओच्या बाजूला मिठागरं झाली. आणि तेच खोलातलं पाणी पोषक द्रव्यं घेऊन वर येतं म्हणून मासळी मुबलक, म्हणून इथे मासेमारांचं गाव वसलं. एका वाऱ्यावर सगळं चालतं, मला हे समजल्यापासून हा किनारा जास्तच आवडायला लागलाय.

अझेडाचं पाणी हिरवट निळं, तळ दिसेल इतकं स्वच्छ, लाटा जवळजवळ नाहीतच, त्यामुळे आईने साडी गुडघ्यापर्यंत खोचून मनसोक्त पाण्यात उभं राहून घेतलं. बाजूच्या ब्राझिलियन आज्या टू पीस घालून निवांत पहुडलेल्या, त्यांनी आईच्या साडीचं कौतुक केलं, आईने त्यांच्या टोपीचं, कुणाला कुणाची भाषा येत नव्हती आणि गप्पा चालल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमाराला लेक ओरडली, आई माझी सावली गेली! खरंच, जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, मकरवृत्त थोडंसंच दक्षिणेला आहे, त्यामुळे सावली पायाखाली गोळा होते. हे ऊन हलक्यात घेऊ नका, वारा गार असतो म्हणून चटका कळत नाही, सनस्क्रीन दर दोन तासांनी, टोपी, आणि छत्री भाड्याने घेताना आधी विचारा की किती रुपयांचं... म्हणजे किती रेआइसचं खायलाच लागेल, कारण बऱ्याच ठिकाणी छत्री-खुर्ची फुकट असते पण कमीत कमी खर्चाची अट असते.

नवरा आणि लेक मधे जेरिबाला जाऊन आले, टॅक्सीने. तो बीच द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, महासागराकडे तोंड केलेला, मोठ्या लाटा, सर्फिंगवाले, आणि पाणी इतकं थंड की लेक पाच मिनिटांत निळी पडली. अझेडा नि जेरिबामध्ये अंतर किती तर काहीच किलोमीटर, आणि पाण्यात एवढा फरक. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर उत्तरेकडचे बीच धरा, अझेडा, जुआंव फर्नांडिस, तार्तारुगा.

आम्ही दोघी मात्र बसून राहिलो. शहाळं प्यायलो. माडाचीही गंमत तशीच, तो इथला नाहीच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, आणि अटलांटिकच्या या बाजूचे माड हे हिंदी महासागराच्या आपल्या बाजूच्या माडांच्याच वंशाचे निघाले आहेत. आंबा, फणसही आपल्याकडून इकडे आले. काजू, पेरू, अननस, पपई ही मंडळी अमेरिकेतून तिकडे गेली. आणि हे सगळं सुरू कसं झालं, तर १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल लिस्बनहून निघाला होता कालिकतला जायला, वाटेत पश्चिमेला सरकून इथल्या बाहियाच्या किनाऱ्याला लागला, आणि मग तिथून खरंच पुढे कालिकतला गेला. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे हा रस्ता जुनाच आहे."

परत येताना चालण्याऐवजी वॉटर टॅक्सी घेतली, छोटी मोटरबोट, बीचवरून थेट गावातल्या धक्क्यावर, भाव आधी ठरवा, माणशी असतो. वर फ्रिगेट पक्षी घिरट्या घालत होते, लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी. मग तासभर रुआ दास पेद्रास, मोठमोठ्या ओबडधोबड दगडांची गल्ली, दुकानं, आइस्क्रीम, बिकिनी, सगळं महाग. आईला त्या दगडांवर चालताना त्रास झाला, चप्पल सपाट आणि पकड असलेली हवी. मला विचाराल तर गल्ली अर्ध्या तासात बघून होते. लेकीला पाव दी केजो, चीजचे गरम गोल पाव, तेही मॅनिओकच्याच पिठाचे, अंडं चालणाऱ्या शाकाहारी लोकांना इथे मोठा आधार आहे.

चारच्या आत टेंडरच्या रांगेत, वीस मिनिटांत बोटीत. आमच्यानंतरची रांग किनाऱ्याच्या रस्त्यापर्यंत गेली होती आणि ऊन उतरलेलं नव्हतं, तेव्हा वेंगुर्ल्याच्या त्या मुलाचे मनोमन आभार मानले.

रात्री चंद्रोदय नऊच्या सुमाराला. जहाज पश्चिमेकडे चाललेलं, म्हणून मागच्या डेकवर गेलो. आईने केबिनमधून वाटीत पाणी, जास्वंद नाही म्हणून नाश्त्याच्या टेबलावरचं एक लाल फूल, आणि लाडवाच्या जागी पासोका, हा शेंगदाण्याचा नि साखरेचा इथला गोड पदार्थ, गणपतीला नक्की आवडला असणार. चंद्र समुद्रातून वर आला पण तो आपल्या ओळखीचा नव्हता, ससा भलताच तिरका, आणि वर चढताना उजवीकडे न जाता डावीकडे सरकत होता. दक्षिण गोलार्धात तो उत्तरेच्या बाजूने जातो. आईने दोनदा तपासून घेतलं की हाच चंद्र ना, मग अर्घ्य दिलं आणि बुफेत जाऊन व्यवस्थित वरणभात नाही पण फेजांव-भात, म्हणजे काळा राजमा नि भात, जेवली.

रविवार, इल्याबेला

हेही टेंडरचंच बंदर. मोठं डोंगराळ बेट, बहुतेक भाग राखीव जंगल, धबधबे, आणि बोहाशुदो नावाच्या बारीक काळ्या माश्या, ज्या चावल्या की आठवडाभर खाज. सिट्रोनेलाचं तेल धक्क्याजवळच मिळतं, उतरल्या उतरल्या पायांना चोपडा. आम्ही विला नावाच्या जुन्या गावातच राहिलो, चर्च, सावलीचा चौक, जेटीवर मासे पकडणारी पोरं. याच बेटाच्या टोकाशी १९१६ मध्ये प्रिन्सिपे दे आस्तुरियास हे स्पॅनिश प्रवासी जहाज खडकावर आपटून काही मिनिटांत बुडालं, चारशेहून जास्त माणसं गेली. दुपारी पाऊस आला, आई दमली होती, लवकर परतलो. सुंदर आहे, पण इथे राहायला यायला हवं, जंगलात शिरल्याशिवाय या बेटाला काही अर्थ नाही.

सोमवार, परत सांतोस

सकाळी सातला धक्क्याला. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, औषधं नि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. उतरायला नऊ, घाट चढून घरी पोचायला साडेबारा.

गाडीतच पुढचं ठरलं. आईचं तिकीट ऑगस्टपर्यंत वाढवायचं आणि जुलैत रिओहून बसने बुझियोसला जायचं, साधारण तीन तास लागतात. २६ जुलै हा सांत आनाचा दिवस, त्या टेकडीवरच्या चर्चचा सण. आणि जूनपासून हंपबॅक व्हेल अंटार्क्टिकाकडून पिल्लं घालायला उत्तरेला जाताना याच किनाऱ्याजवळून जातात. ब्राझीलने १९८७ मध्ये कायदा करून व्हेलची शिकार बंद केली, तेव्हापासून त्यांची संख्या खूप वाढलीय. ओसोसजवळच्या दोन पोसादांना, म्हणजे छोट्या हॉटेलांना, मेसेज टाकलाय, तळमजल्यावरची खोली मागितलीय, आईचे गुडघे आहेत ना.